तक्रार: स्ट्रोकच्या इंजेक्शननंतर आलेली सूज ‘असंबंधित अ‍ॅलर्जी’ ठरवून क्लेम कापल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

आत्ताच तुमच्या क्लेमवाल्यांचा फोन ठेवला. डिस्चार्ज समरी, आयसीयूचे कागद, बिलं सगळं तुमच्याकडे आहे, पुन्हा पाठवणार नाही. इंजेक्शनचे पैसे मंजूर; व्हेंटिलेटर आणि आयसीयूचे पुढचे दिवस नामंजूर. शेरा, ‘अ‍ॅलर्जी, मूळ आजाराशी संबंध नाही’.

बाबांच्या मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती. लकवा आल्यापासून साडेचार तासांच्या आत मानेवाड्याहून धंतोलीच्या हॉस्पिटलात पोचलो, म्हणून गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज देता आलं. ते चालू असतानाच त्यांचा ओठ आणि जीभ सुजायला लागली. तीही उजवीकडून, म्हणजे ज्या बाजूला लकवा त्याच बाजूला. इंजेक्शन लगेच थांबवलं. डॉक्टरांनी तिथेच सांगितलं, हे औषध दिलेल्या 100 पैकी 1 ते 5 जणांना असं होतं आणि रॅमिप्रिलच्या जातीची बीपीची गोळी चालू असेल तर धोका वाढतो. औषधानं ब्रॅडीकायनिन हे सूज आणणारं रसायन वाढतं, गोळी ते मोडू देत नाही. श्वास अडायला लागला तेव्हा नळी घालावी लागली, आणि असं औषध अंगात असताना नळी घालायची म्हणजे रक्तस्रावाची भीती वेगळीच. समरीत ‘अल्टेप्लेजमुळे अँजिओएडेमा’, म्हणजे हीच ओठ-जिभेची सूज, असं स्वच्छ लिहिलंय. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आता आजचा फोन. रेकॉर्ड होतो म्हणता, तर काढून ऐकाच. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, स्ट्रोक तो दिमाग का होता है ना? ये तो जीभ की सूजन है.” मी सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता, मला वाटलं पटलं. मग विचारतो, त्या दिवशी पेशंटनं मासे, शेंगदाणे वगैरे काही खाल्लं होतं का? अहो, लकव्याच्या पेशंटला गिळता येतंय का हे तपासेपर्यंत पाण्याचा थेंब देत नाहीत! मी सांगितलं, आयसीयूच्या चार्टवर तोंडाने काहीच द्यायचं नाही असं लिहिलंय. यावर उत्तर, “पण घरून निघताना?” घरून निघताना बाबांना धड बोलता येत नव्हतं, साहेब, आणि आम्ही काय त्यांना सुरमई भरवत होतो?

बरं, ही अ‍ॅलर्जी आहे यावरही तुम्ही ठाम नाही. मी वरच्या मॅडमशी बोलायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बीपीच्या गोळीमुळे झालं म्हणजे जुना आजार. म्हणजे जिभेचा संबंध स्ट्रोकशी नाही, पण बीपीशी आहे! बीपी प्रपोजल फॉर्ममध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. त्याचंच लोडिंग, म्हणजे जादा पैसे, तुम्ही दरवर्षी प्रीमियममध्ये लावता. जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड कधीच संपलाय. लोडिंग घेताना बीपी चालतं, क्लेम देताना चालत नाही?

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निम्म्या स्टाफरूमला ‘हीच कंपनी घ्या’ म्हणून यांनीच पॉलिसी काढायला लावल्या. त्या सगळ्यांना मी हे पत्र दाखवणार आहे.

कापलेली पूर्ण रक्कम द्या. नसेल द्यायची, तर स्ट्रोकचं इंजेक्शन मंजूर आणि त्याच इंजेक्शननं आलेली सूज नामंजूर, हे कोणत्या कलमाखाली, ते तुमच्या डॉक्टरच्या सहीनिशी लेखी कळवा. मासे खाल्ले का विचारणाऱ्याच्या सहीनं नको. विमा नियामकाच्या (IRDAI) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार आजच टाकते आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही तर विमा लोकपाल आहेत, आणि नागपुरात जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

उत्तर लेखीच हवं, फोन करू नका.

पॉलिसीधारकाची मुलगी,
मानेवाडा, नागपूर