२६० जणींच्या रक्ततपासणीसाठी हातभार हवा आहे

गावातल्या आणि पोटापाण्यासाठी बेळगाव, गोवा, पुणे, मुंबईला गेलेल्या सर्व मंडळींना, त्यातही माहेरवाशिणींना, महिला मंडळाचा नमस्कार.

भाताची सुगी आटोपली की मंडळ गावातल्या १५ वर्षांपुढच्या सगळ्या मुली-बायकांचं हिमोग्लोबिन तपासणार आहे. जांबोटीच्या पलीकडचं आपलं गाव आणि वरच्या वाड्या धरून अशा २६० जणी होतात. एकदा आता, एकदा सहा महिन्यांनी. बोटाला टोचून तपासायचं यंत्र पुण्याला दिलेल्या आपल्या एका लेकीनं आणून दिलंय. अडलंय ते पट्ट्यांवर. एका पट्टीला ४० रुपये धरले तर ५२० पट्ट्यांचे २०,८०० होतात, आणि मंडळाच्या पेटीत तेवढे नाहीत.

हे का काढलं ते सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंना वर्षभर धाप लागत होती. विहिरीवरून एक घागर आणली की उंबऱ्यावर बसायच्या. आम्ही म्हणायचो, वय झालं. मग मे महिन्यात तांदळाच्या डब्याच्या तळाशी एक घडी घातलेला कागद सापडला. आठ महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दवाखान्यात झालेली तपासणी. सगळं इंग्रजीत, आणि ७.८ या आकड्याभोवती पेनानं गोल. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ८ च्या खाली गेलं तर तो गंभीर रक्तक्षय. गोल काढणाऱ्यानं तोंडानं दोन शब्द सांगितले असते तर! पाटी कन्नडात, कागद इंग्रजीत, आणि जाऊबाई शिकल्या चौथीपर्यंत, मराठी शाळेत. कागद महत्त्वाचा दिसतोय म्हणून त्यांनी जपून ठेवला, इतकंच.

आणि हे आपल्याच जिल्ह्यात, जिथं बायकांचं रक्त एकदा नीट मोजलं गेलं होतं. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या १,६२० बाळंतिणींनी एका चाचणीत भाग घेतला होता. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज त्यात होतं. बाळ झाल्याबरोबर निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कुणाच्या तोंडात काय गेलं, हे ना बाळंतिणीला ठाऊक ना नर्सबाईंना. अंगाखाली प्लास्टिकची चादर, तिच्या टोकाला खुणा केलेली पिशवी, आणि पिशवीत जमलेलं रक्त मोजायचं. एरवी लुगडं किती भिजलं त्यावरून अंदाज बांधायचो आपण. गोळी घेतलेल्यांत अतिरक्तस्राव ६.४ टक्के जणींना झाला, बाकीच्यांत १२ टक्के. २००६ साली हे ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, आणि बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. आज कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका ती घेतात.

तुमच्या आईला, सासूला, आत्याला त्या प्लास्टिकच्या चादरीची आठवण असेल तर मंडळाला जरूर कळवा. त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचंय. पोरींना त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

आमचं काम असलं मोठं नाही. संशोधन नव्हे, नुसती मोजणी, तीही आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून. एकच नियम ठरवलाय: आकडा आणि त्याचा अर्थ त्याच दिवशी, त्या बाईच्या हातात, मराठीत. कन्नड घरांना कन्नडात. ज्यांचा आकडा फार खाली येईल त्यांना केंद्रात नेऊ, गाडीभाडं मंडळ देईल. देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५७ जणींना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. त्यामुळे एकट्या जाऊबाई असतील असं आम्ही धरून चाललेलो नाही.

खाण्याचंही बोलू. ‘नाचणी खा, रक्त वाढेल’ हे आपण सगळ्याच सांगतो. नाचणीची खरी श्रीमंती कॅल्शियमची, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोह चार-पाच मिलिग्रॅमच, आणि तेही अंगाला सगळं लागत नाही. मोड आणून दळली तर जास्त लागतं, वर लिंबू पिळलं तर आणखी. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र उलटं होतं. (हे सांगितल्यावर मागच्या बैठकीत जवळजवळ भांडणच झालं.) अंगणवाडीतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या फुकट असतात, तरी शौचाला काळी होते म्हणून घाबरून कितीतरी जणी खुराड्यामागे टाकतात. काळी होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही. शिवाय अनवाणी चिखलात लावणी करणाऱ्यांना आकडीकृमीचा त्रास होऊ शकतो. ते जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून जंताची गोळीही डॉक्टरांना विचारायची आहे.

तर, ८० रुपयांत एका बाईच्या दोन्ही खेपा होतात. कुणी आपल्या आईच्या नावानं एकीचे द्या, कुणी दहा जणींचे. पैसे मंडळाच्या खोलीत सायंकाळी सहानंतर घेतो, पावती हातोहात. बाहेरगावच्यांनी घरच्या माणसाकडे दिले तरी पोचतील. जमाखर्च महिन्याच्या महिन्याला देवळाच्या फळ्यावर लागेल. पैसे नसतील तर चिठ्ठ्या लिहायला चांगलं अक्षर असलेल्या दोन मुली द्या, एक कन्नड येणारी. आणि गवळीवाड्यावर यंत्र न्यायला मोटारसायकलवाली दोन पोरं हवीत, पेट्रोल मंडळाचं.