बोंड फुटते तेव्हा शाळा परीक्षेत असते

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना
स. न. वि. वि.

शरद ऋतूचा उपक्रम म्हटला की शाळांच्या ग्रुपवर लाल-पिवळ्या पानांच्या कृतिपत्रिका फिरू लागतात. खान्देशात त्या वेळी सातपुड्यातला साग हिरवागार असतो. त्याची पाने गळतात ती थंडी सरता सरता. आमच्याकडे शरद ओळखायचा तो कपाशीवरून : कैरी म्हणजे कच्चे बोंड तडकते, बोंड फुटते, वेचणी सुरू होते. नेमके याच आठवड्यांत पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन येते आणि मुले वर्गात बसून ‘खरीप पिकांची नावे लिहा’ सोडवतात. या आठवड्यांतले शनिवार शेत-परिसरातल्या कृतींसाठी मोकळे ठेवण्याचा आदेश आपण काढावा, एवढ्यासाठी हे पत्र.

एका बोंडात किती शिकता येते, ते सांगतो. पाच मुलांच्या गटाला 30 ग्रॅम कापूस द्यावा. सहा-सात बोंडे पुरतात. बोटांनी सरकी, म्हणजे बी, वेगळी करायची, मग रुई (उरलेले तंतू) आणि सरकी स्वतंत्र तोलायची. साधारण 10 ग्रॅम रुई निघते, 20 ग्रॅम सरकी. चौथीच्या मुलाला एक तृतीयांश हा अपूर्णांक यापेक्षा सरळ कुठे भेटणार? एक सरकी मात्र तशीच ठेवावी. तिचे तंतू ओल्या बोटाने दोन्ही बाजूंना विंचरले की पंख पसरलेल्या पाखरासारखी दिसते. पट्टी लावून एका बाजूचा तंतू मोजावा, 25 ते 30 मिलिमीटर भरतो. धाग्याची लांबी म्हणून व्यापारी जे बघतो, ते हेच.

बिघडते कुठे, तेही सांगायला हवे. सकाळी दवात वेचलेला कापूस ओला असतो. तंतू सरकीला चिकटतात, तुटतात, वजनही फसवे येते. म्हणून तो दोन दिवस उन्हात, कागदावर पसरून वाळवावा. वर्गातला पंखा बंद ठेवावा, नाहीतर रुई उडते आणि बेरीज 30 होत नाही. कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आणि वाळलेला पाला आधीच निवडून काढावा. काटा 1 ग्रॅम दाखवणारा लागतो. भाजीवाल्याच्या तागडीवर हे जमत नाही. बियाण्याच्या पाकिटातली रंगीत सरकी मुलांच्या हाती कदापि देऊ नये, तिला औषध लावलेले असते. फवारणी झालेल्या शेतातही मुलांना नेऊ नये. कापूस पालकांकडून मागवावा. आणि उपक्रमाच्या नावाखाली कुणाच्या शेतात वेचणी करून घेतली जाऊ नये, हे आदेशातच लिहावे.

दुसरी कृती सावलीची, तिला खर्च नाही. एक मीटरची सरळ काठी पटांगणात रोवायची, दगड बांधलेल्या दोऱ्याने ओळंबा बघायचा. 23 सप्टेंबरला जळगावात दुपारची सर्वांत आखूड सावली सुमारे 38 सेंटिमीटर असते. महिन्याने ती 64 वर जाते, 23 नोव्हेंबरला 88 वर. डिसेंबरअखेरीस काठी आणि सावली जवळपास बरोबरीत येतात. घड्याळात बारा वाजले की मोजायचे, ही नेहमीची चूक. जळगावचा खरा मध्यान्ह सप्टेंबरात 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपास असतो. म्हणून 12 ते 12:40 दर पाच मिनिटांनी टोकाशी खडूची खूण करावी आणि सर्वांत आखूड घ्यावी. त्या दिवशी ढग असले तर दुसऱ्या दिवशी मोजावे. फरक सेंटिमीटरच्या आतच राहतो.

भुलाबाईचा, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाचा, महिनाही याच काळात येतो, भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी. मूर्ती मुलांनीच करावी. निव्वळ काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. थोडी वाळू नि गटाने काढलेली तीच रुई कालवली की तडे कमी जातात. का, हे मुलेच शोधतात.

आपल्याकडे मागणे फार नाही. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा शासनाचा उपक्रम आहेच. त्यांतले सप्टेंबरअखेर ते दिवाळीपर्यंतचे शनिवार अशा कृतींसाठी मोकळे सोडावेत आणि त्या दिवशी सराव चाचणी लावू नये. प्रत्येक शाळेला एक डिजिटल काटा आणि गटागणिक एक भिंग मिळावे. फोटो अपलोड करण्याची सक्ती नको. कॅमेरा आला की कापूस बाजूला राहतो आणि मुलांना ओळीत उभे करावे लागते. वहीतले आकडे पुरावा म्हणून चालावेत. ते अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत सांगितले तरी चालावेत.

आदेश निघणारच असेल, तर तो 15 सप्टेंबरच्या आत शाळांत पोहोचेल असे पाहावे. उशीर झाला की काठीची पहिली नोंद हुकते आणि मग ऑक्टोबरचे 64 कशाशी ताडायचे, हे मुलांना सांगता येत नाही.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील काही प्राथमिक शिक्षक