सूचना : टॅपेट तपासणी आणि वाढीव वॉरंटी

सर्व सभासदांनी गाडीचं मॅन्युअल उघडून टॅपेट तपासणी (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणाऱ्या भागांमधली बारीक फट, म्हणजे गॅप, मोजणं) किती किलोमीटरला सांगितली आहे ते आजच बघावं. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, मित्राच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

'आवाज येत नाही, म्हणजे टॅपेट ठीक' हा समज धोक्याचा आहे. गॅप वाढली तर टकटक ऐकू येते, पण कमी झाली तर इंजिन उलट शांत होतं. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका धूर बाहेर सोडणारा) नीट बसत नाही, त्याची उष्णता व्हॉल्व्हच्या सीटकडे (तो जिथे टेकतो त्या कड्याकडे) जात नाही आणि तो जळतो. गॅप बहुतेक गाड्यांत थंड इंजिनवरच फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात, त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळीच सोडा. शिमवाल्या (ठरावीक जाडीच्या चकत्यांनी गॅप जुळवणाऱ्या) इंजिनात बदल करायचा तर बहुतेकदा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) काढावा लागतो, मजुरी आधी विचारून घ्या.

वाढीव वॉरंटी साधारणपणे मूळ वॉरंटी संपण्याआधीच घ्यावी लागते. मुदत वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल ते. क्लेमच्या वेळी सर्व्हिसच्या नोंदी मागतात. म्हणून जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) 'टॅपेट तपासले' आणि मोजलेली गॅप लिहून घ्याच, नुसतं 'जनरल सर्व्हिस' चालवून घेऊ नका. बिलं जपून ठेवा.