हस्तांतर लायसन्सचं होतं, अनुभवाचं नाही

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत कॅनडातल्या विमा क्षेत्रातल्या नोकऱ्यांवर लेख आला होता. बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या मुलामुलींना फारशी माहीत नसलेली ही वाट दाखवल्याबद्दल आभार. मात्र त्यातल्या एका वाक्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘एका प्रांतात क्लेम्स अ‍ॅडजस्टर झालात की कॅनडात कुठंही काम करता येतं’ असं त्यात म्हटलं होतं. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे माझ्या पुतणीचे बरेच महिने गेले, आणि त्या महिन्यांत तिच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते काही थांबले नव्हते.

मी बेळगावात राहतो आणि मोटार व इंजिनिअरिंग विभागाचा विमा सर्व्हेअर म्हणून काम करतो. कॅनडातला अ‍ॅडजस्टर म्हणजे साधारण आमचाच भाऊबंद. घर जळालं, नळ फुटून तळघरात पाणी भरलं, गारांनी गाडीचं छप्पर चेपलं, की तो जाऊन नुकसान पाहतो, पॉलिसीच्या अटी लावतो आणि किती रक्कम देय होते ते ठरवतो. फरक इतकाच की आमचा सर्व्हेअर आपला अहवाल देतो आणि पैसे द्यायचे की नाही याचा निर्णय कंपनी घेते. तिकडे क्लेम हाती धरून शेवटपर्यंत नेणं, विमाधारकाशी बोलणं, तडजोड करणं हेही बहुतेक वेळा अ‍ॅडजस्टरच्याच गळ्यात असतं.

आमच्याकडं सर्व्हेअरचं लायसन्स हैदराबादचं विमा नियामक प्राधिकरण देतं आणि ते अख्ख्या देशात चालतं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमा हा विषय केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळं राज्याची हद्द आमच्या कामाच्या आड येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर चढलं आणि बेळगाव-कोल्हापूर रस्ता बंद पडला, तेव्हाची गोष्ट सांगतो. पाणी ओसरल्यावर निपाणीच्या गॅरेजमध्ये जशा गाड्या तशाच कागल आणि कोल्हापूरच्या गॅरेजमध्ये. केए २२, केए २३, एमएच ०९, सगळ्या एका रांगेत. दार उघडलं की आधी वास यायचा. मग सीटवरची चिखलाची रेघ बघायची, मॅट उचलून खाली हात घालायचा, डॅशबोर्डच्या आत गाळ गेलाय का ते टॉर्चनं पाहायचं, एअर फिल्टर काढून ओला आहे का ते तपासायचं. आणि मालकाला पहिला प्रश्न हा, की पाणी शिरल्यावर स्टार्टर मारला का? मारला असेल तर इंजिन पाणी ओढून घेतं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनसाठीचा जादा विमा घेतलेला नसेल तर तेवढ्याच मुद्द्यावर मालकाच्या पदरात येणारी रक्कम निम्म्यावर येऊ शकते. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं आणि पलीकडं प्रश्न तोच, फॉर्म तोच, सहीखाली लायसन्स नंबरही तोच. सीमाभागात इतर बाबतींत काय काय सोसावं लागतं ते आपले वाचक जाणतात, पण या एका धंद्यात आम्हाला सीमा जाणवत नाही.

कॅनडात नेमकं उलटं आहे. तिथं विम्याच्या व्यवहारावरचा हक्क प्रांतांकडं आहे, आणि ही व्यवस्था फार जुनी आहे. ओंटारिओतल्या एका व्यापाऱ्याच्या आगीच्या दाव्याचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या साम्राज्यातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टापर्यंत गेला आणि १८८१ मध्ये निकाल लागला की विम्याच्या करारांवर कायदा करण्याचा अधिकार प्रांतांचा आहे. म्हणून आजही ओंटारिओत लायसन्स देणारी संस्था वेगळी, अल्बर्टात अल्बर्टा इन्शुरन्स कौन्सिल वेगळं, ब्रिटिश कोलंबियाचं कौन्सिल वेगळं, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबाचं आपापलं. क्विबेकची तर तऱ्हाच निराळी. तिथं फ्रेंच आल्याशिवाय कामच चालत नाही. गाडीच्या विम्याचे नियमही प्रांतागणिक बदलतात. ओंटारिओत गाडीचा विमा खासगी कंपन्या विकतात, तर ब्रिटिश कोलंबिया, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबात मूळ सक्तीचा विमा सरकारी महामंडळ देतं. ओंटारिओत अपघाताचे क्लेम हाताळण्यात मुरलेल्या माणसालाही ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकुव्हरला गेल्यावर नवं बरंच शिकावं लागतं, तेव्हा प्रांतानं आपल्या नियमांची माहिती मागितली तर ते मला गैर वाटत नाही.

आता पुरवणीतल्या वाक्याचा खरा अर्धा भाग. १ जुलै २०१७ पासून कॅनडात प्रांतांमधला मुक्त व्यापाराचा करार लागू आहे आणि त्यातलं सातवं प्रकरण कामगारांच्या ये-जा करण्याविषयी आहे. एका प्रांतानं ज्याला त्या व्यवसायाचं प्रमाणपत्र दिलंय, त्याला दुसऱ्या प्रांतानं पुन्हा मोठं प्रशिक्षण, अनुभव किंवा परीक्षा न मागता मान्यता द्यावी, असं त्यात आहे. फी घेता येते, पोलीस तपासणीचा दाखला मागता येतो, पूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का हे विचारता येतं, स्थानिक कायद्याची माहिती तपासता येते. पण ‘आमच्याकडं पहिलीपासून या’ असं सहसा म्हणता येत नाही. पुतणीची ओळखीची एक मुलगी ओंटारिओत विमा कंपन्यांसाठी बाहेरून काम करणाऱ्या स्वतंत्र अ‍ॅडजस्टिंग फर्ममध्ये होती आणि तिच्याकडं तिथलं लायसन्स होतं. ती अल्बर्टात गेली, अर्ज केला, ओंटारिओचा दाखला जोडला, फी भरली, नव्या फर्मनं तिची शिफारस केली आणि काम सुरू झालं. तिची कहाणी एवढ्यातच आटोपते.

माझी पुतणी इथूनच पदवी घेऊन ओंटारिओत शिकायला गेली आणि शिक्षण संपल्यावर एका मोठ्या विमा कंपनीच्या क्लेम विभागात लागली. घरांचे क्लेम तिच्याकडं असायचे. हिवाळ्यात पाइप गोठून फुटला, छपरावर बर्फ साचून पाणी आत झिरपलं, अशी प्रकरणं तिनं कित्येक हाताळली. वरिष्ठ खूश होते, पगार वाढला. पुढं नवऱ्याची नोकरी अल्बर्टातल्या कॅल्गरीला गेली आणि तिलाही तिथं एका स्वतंत्र फर्मचं बोलावणं आलं. जाण्याआधी तिनं आपल्या बेळगावातल्या एका व्हिसा सल्लागाराला विचारलं होतं. त्यानं सांगितलं, ‘इतक्या वर्षांचा अनुभव आहे, करार आहे, लायसन्स आपोआप ट्रान्सफर होतं.’ कॅल्गरीच्या फर्मनं जॉइन होताना ओंटारिओचा लायसन्स नंबर मागितला, तेव्हा उलगडा झाला. रात्री तिचा फोन आला. म्हणाली, ‘काका, माझ्याकडं लायसन्स कधी नव्हतंच. ट्रान्सफर कशाचं करू?’

गोष्ट अशी आहे की ओंटारिओच्या विमा कायद्यात ‘अ‍ॅडजस्टर’ या व्याख्येत विमा कंपनीचा पगारी कर्मचारी येत नाही. कंपनीच्या पगारावर बसून क्लेम सोडवणाऱ्याला लायसन्स लागत नाही; ते लागतं कंपन्यांसाठी बाहेरून काम करणाऱ्या स्वतंत्र अ‍ॅडजस्टरला. क्विबेकमध्ये मात्र कंपनीच्या माणसालाही प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. म्हणजे एकच काम करणाऱ्या दोन मुली शेजारशेजारच्या प्रांतांत असल्या तरी एकीच्या हाती कागद असतो, दुसरीच्या हाती नसतो. आणि करार मान्यता देतो ती कागदाला. तिच्या हातून किती क्लेम निकाली निघाले, याला त्या कलमाच्या दृष्टीनं किंमत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना हे कळावं म्हणून नर्सचं उदाहरण देतो. बेळगावात शिकलेली, कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलकडं नोंद असलेली मुलगी मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नोकरी धरते, तेव्हा इथला ना हरकत दाखला घेऊन महाराष्ट्राच्या कौन्सिलकडं नोंद करते. धावपळ होते, पण काम होतं. आता तिच्याच वॉर्डात कितीतरी वर्षं राबलेली, सलाईन लावण्यात तिच्यापेक्षा हात हलका असलेली, पण नोंदणी नसलेली मदतनीस घ्या. ती कुठल्या कौन्सिलकडून कुठल्या कौन्सिलकडं नाव हलवणार? माझ्या पुतणीची गत तीच झाली.

अल्बर्टात अ‍ॅडजस्टरच्या तीन पायऱ्या आहेत, ब्रिटिश कोलंबियातही तीन. पहिल्या पायरीवरच्या माणसाला वरच्या माणसाच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. हाताखाली नवी मुलं शिकवलेल्या माझ्या पुतणीला परीक्षा देऊन पहिल्या पायरीवर उभं राहावं लागलं, तेही कमी पगारावर. तिनं ते मुकाट्यानं केलं. एक गोष्ट तिच्या कामी आली, ती म्हणजे नोकरी करता करता इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ कॅनडाच्या सीआयपी (चार्टर्ड इन्शुरन्स प्रोफेशनल) या अभ्यासक्रमाचे काही विषय तिनं पास केले होते. ही संस्था देशभराची आहे, त्यामुळं हा अभ्यास प्रांत बदलला म्हणून वाया जात नाही. इकडच्या पालकांना मी कळकळीनं सांगेन, मुलगी-मुलगा कॅनडात क्लेम विभागात लागला असेल तर त्याला पहिल्या वर्षापासून हे विषय द्यायला लावा. बऱ्याच कंपन्या फीचा भारही उचलतात.

आणखी काही बोलतो, कारण हे कुणी सांगत नाही. ज्यांच्याकडं लायसन्स आहे त्यांनी जुन्या प्रांतातलं लायसन्स नवं हातात येईपर्यंत सोडू नये. मान्यता चालू लायसन्सला मिळते. बंद पडलेलं दाखवलं की प्रश्न सुरू होतात. बऱ्याच प्रांतांत लायसन्स फर्मशी बांधलेलं असतं, फर्म सुटली की तेही थांबतं, म्हणून राजीनामा देण्याआधी जुन्या नियामकाकडून आपल्याविरुद्ध तक्रार नसल्याचा दाखला घेऊन ठेवावा. आपण कोणत्या प्रकारचे आणि साधारण किती रकमेपर्यंतचे क्लेम हाताळले याचं पत्र मालकाकडून लेटरहेडवर घ्यावं. त्यात विमाधारकांची नावं नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जिथं जायचं त्या प्रांताच्या कौन्सिलला स्वतः ई-मेल करून ‘माझी स्थिती ही आहे, मला काय लागेल’ असं विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं. ही कौन्सिलं उत्तरं देतात. पुतणीनं हाच प्रश्न घर हलवण्याआधी अल्बर्टाला विचारला असता, तर ओंटारिओत असतानाच परीक्षेची तयारी करता आली असती.

तिला ज्यानं चुकीचं सांगितलं त्या सल्लागाराशी मी बोललो. व्हिसाची कामं तो वर्षानुवर्षं करतो आणि ती चोख करतो. पण व्हिसा देणारं सरकार एक आणि धंद्याचं लायसन्स देणारी संस्था दुसरी, हा फरक त्याच्या ध्यानीच नव्हता. आपल्या भागात अशा सल्ल्यावर लोक खानापूर, हुक्केरीकडची शेती तारण ठेवतात. घरात बाहेर जाऊन आलेलं कुणी नसतं, तेव्हा त्या टेबलापलीकडचा माणूस जे बोलेल तो शब्द प्रमाण. म्हणून त्या टेबलापलीकडच्या माणसांवरची जबाबदारी फार मोठी आहे. ‘मला व्हिसाचं कळतं, लायसन्सचं त्या त्या कौन्सिलला विचारा’ इतकं जरी त्यांनी अशिलाला सांगितलं तरी पुष्कळ.

माझी आपल्याला विनंती अशी की पुरवणीत त्या लेखाचा दुसरा भाग द्यावा. विम्याबरोबरच नर्सिंग, फार्मसी, शिक्षकी, इलेक्ट्रिशियन अशा ज्या कामांत आपली मुलं तिकडं जातात त्यांपैकी कशाला प्रांताचं लायसन्स लागतं, ते कोण देतं आणि दुसऱ्या प्रांतात जाताना काय बरोबर न्यायचं, एवढी माहिती त्यात असावी. अ‍ॅडजस्टरच्या भागासाठी पुतणी स्वतः लिहायला तयार आहे. ती आता दुसऱ्या पायरीच्या परीक्षेला बसते आहे, ती झाली की मजकूर पाठवते म्हणाली.

आपला,
एक विमा सर्व्हेअर,
टिळकवाडी, बेळगाव