कुलूप निघाले, त्याबद्दल : आमच्या आमदार ताईंना अनावृत पत्र

सन्माननीय आमदार महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दाराचे कुलूप निघाले, त्याला आता चार महिने होतील. उद्घाटनाच्या दिवशीच आभाराचे चार शब्द लिहावेत असे मनात आले होते, पण मुद्दाम थांबलो. फीत कापल्यानंतर रुग्णालय खरोखर चालते की नाही, हे डोळ्यांनी पाहूनच लिहायचे, असे ठरवले होते. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या मुलीला घेऊन रात्री अकरा वाजता तिथे जाण्याची वेळ आली. प्रसूती कक्षात दिवा होता, दोन सिस्टर कामावर होत्या, डॉक्टर हाक मारताच आले, आणि पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. घरी आलो, आंघोळ केली आणि हे पत्र लिहायला बसलो.

पत्रात आपले नाव घातलेले नाही. रुग्णालयाच्या आवारात आपल्या नावाचा फलक नको, असे आपण ग्रामसभेत सांगितले होते; तोच मान इथेही राखतो आहे. तालुक्यातील माणसांना नाव सांगावे लागणार नाही.

ही इमारत तीन वर्षे तयार उभी होती. आरोग्य संस्थांच्या बृहत आराखड्यात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे ग्रामीण रुग्णालयात श्रेणीवर्धन मंजूर झाले, कंत्राटदाराने काम पुरे केले, रंगरंगोटी झाली, ३० खाटाही येऊन पडल्या. पुढे मात्र काहीच हालले नाही. मी निवृत्तीनंतर रोज सकाळी त्या रस्त्याने फिरायला जातो. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून आत पाहिले की प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या गाद्या दिसत, एका कोपऱ्यात लाकडी खोक्यात बंद असलेले क्ष-किरण यंत्र दिसे आणि त्या खोक्यावर पाखरांची शीट साचत गेलेली दिसे. याच काळात माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा आम्ही १०८ ची रुग्णवाहिका बोलावून जिल्ह्याच्या गावी निघालो आणि घाटाच्या अलीकडेच, रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीत माझा नातू जन्मला. गाडीतल्या डॉक्टरांनी सगळे निभावून नेले, म्हणून आज तो घरभर धावतो आहे. पण त्या रात्री आम्ही ज्या बंद इमारतीसमोरून गेलो, तिच्या दिव्याच्या खांबाखाली क्षणभर गाडीचा वेग कमी झाला होता, तो क्षण माझ्या मनातून गेलेला नाही.

त्यानंतर आम्ही दहा-बारा जण निवेदन घेऊन आपल्याकडे आलो. आम्ही जरा तावातावानेच बोललो, हे कबूल करतो. आमदारांना दरवर्षी ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, त्यातले थोडे इकडे वळवले तर दवाखाना उद्या सुरू होईल, असा आमचा समज होता. आपण रागावला नाहीत आणि कसले आश्वासनही दिले नाहीत. आपण एक कोरा कागद घेतला, मधोमध रेघ ओढली, एका बाजूला इमारत, खाटा आणि रुग्णवाहिका लिहिले, दुसऱ्या बाजूला डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माण अधिकारी आणि सफाईगार लिहिले. डावीकडचा खर्च एकदाच करायचा असतो, त्याला भांडवली तरतूद आणि आमदार निधीही चालतो. उजवीकडचा खर्च दरमहा, वर्षानुवर्षे करायचा असतो, तो महसुली खर्च, आणि आमदार निधीतून पगाराचा एक रुपयाही देता येत नाही, हे आपण आम्हाला समजावून सांगितले. पदनिर्मितीचा प्रस्ताव आरोग्य विभागाकडून वित्त विभागाकडे जातो, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीपुढे येतो, तिथे मान्यता मिळाली तर शासन निर्णय निघतो आणि मग अर्थसंकल्पात त्या पदांच्या वेतनाची तरतूद होते. भिंती बांधायला पैसा मिळाला होता, पण त्या भिंतींमध्ये काम करणाऱ्या माणसांचा प्रस्ताव या वाटेवर कुठेतरी अडकला होता. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. इतक्या थोड्या वेळात इतका नेमका धडा मला क्वचितच देता आला असेल. तो कागद मी मागून घेतला. आजही माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर दोन वर्षे आपण जे केले, ते बहुतेकांना दिसले नाही. सभागृहातील कामकाजाचे थेट प्रक्षेपण मी रोज पाहत असे आणि महत्त्वाचे ते वहीत टिपून ठेवत असे, म्हणून त्यातले काही मला ठाऊक आहे.

आपण विरोधी बाकांवर बसता. विधानसभेतील २८८ सदस्यांपैकी प्रत्येकाच्या मतदारसंघात असे एखादे कुलूप असणारच. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ नुसार विधानसभेला अनुदानाची मागणी, म्हणजे सरकारने एखाद्या खात्याच्या खर्चासाठी मागितलेली रक्कम, मान्य करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते. वाढवता मात्र येत नाही. म्हणजे आपल्या रुग्णालयासाठी पैसे मागायचे असतील, तर सभागृहात उभे राहून ‘इतकी रक्कम वाढवा’ असा ठराव कोणत्याही सदस्याला मांडता येत नाही. हातात राहतात ते प्रश्न, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, कपात सूचना आणि मन वळवणे. आपण सार्वजनिक आरोग्य विभागाच्या मागणीत १०० रुपयांची कपात सूचना दिलीत, तेव्हा तालुक्यात काही जणांनी ‘ताई आपल्याच दवाखान्याचे पैसे कापायला निघाल्या’ अशी आवई उठवली. त्या आठवड्यात मी पारावर बसून निदान वीस जणांना सांगितले असेल की ही १०० रुपयांची कपात तक्रार नोंदवण्यासाठी असते, तिच्या निमित्ताने विशिष्ट गाऱ्हाणे सभागृहापुढे आणता येते आणि मंत्र्यांना त्यावर उत्तर द्यावे लागते. ते समजावताना मला मनापासून समाधान वाटले.

आपल्या तारांकित प्रश्नाला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला, पहिले उत्तर आले ते ‘हे अंशतः खरे आहे’ असे. इमारत पूर्ण झाल्याचे खरे होते आणि पदांची बाब विचाराधीन होती. अशा उत्तरानंतर बरेच जण पत्रक काढून विषय सोडून देतात. आपण मात्र ‘विचाराधीन’ म्हणजे नेमके कोणत्या टेबलावर, याचा शोध घेतलात. प्रस्तावात एक त्रुटी काढून तो परत पाठवला गेला होता आणि परत पाठवल्याचे पत्र खालच्या कार्यालयात नोंद न होता पडून होते, हे आपण शोधून काढले नसते, तर आणखी किती वर्षे आम्ही सरकार पैसे देत नाही, असेच म्हणत बसलो असतो. त्रुटीची पूर्तता करून घेण्यासाठी आपण जिल्ह्याच्या गावी एकाच महिन्यात पाच फेऱ्या मारल्यात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र त्यानंतरची गोष्ट. शेजारच्या दोन मतदारसंघांतही अशाच इमारती बंद होत्या आणि तिथले आमदार सत्ताधारी पक्षांचे होते. निवडणुकीत त्यांच्यापैकी एकांनी आपल्यावर काय काय टीका केली, ते आम्ही सर्वांनी ऐकले होते. तरीही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपण त्या दोघांना भेटून तिघांच्या सह्यांचे एकच निवेदन तयार केलेत आणि ते घेऊन वित्तमंत्र्यांकडे जाताना आपण मागे राहून त्यांना पुढे बोलू दिलेत. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात होते, आणि मुंबईच्या मंत्रालयात ज्यांना गाठणे कठीण जाते, ती सारी माणसे त्या थोड्या दिवसांत एका आवारात भेटतात, याचा आपण असा उपयोग करून घेतलात. त्या भेटीच्या छायाचित्रात आपण कडेला, अर्ध्या झाकलेल्या दिसता. मी ते छायाचित्र वर्तमानपत्रातून कापून त्याच वहीत चिकटवले आहे.

वाटाघाटींत सगळेच पदरात पडत नाही, हेही या निमित्ताने शिकलो. सगळी पदे नियमित भरण्यास वित्त विभागाची तयारी नव्हती. वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका नियमित हव्यात, यावर आपण अडून राहिलात आणि कक्षसेवक व सफाईगार बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदारामार्फत, घेण्यास मान्यता दिलीत. माझे मत विचाराल तर सफाईगारांनाही नियमित नेमणूक मिळायला हवी होती. रुग्णालयात सर्वाधिक जोखमीचे काम तेच करतात आणि त्यांचाच पगार सर्वांत अनिश्चित असतो. हे मी आपल्याला भेटून सांगितले, तेव्हा आपण माझे म्हणणे बरोबर असल्याचे मान्य केलेत, आणि तरीही त्या दिवशी अडून बसले असते तर तिन्ही इमारती आणखी एक वर्ष बंद राहिल्या असत्या, असे सांगितलेत. मला हे पूर्ण पटले नाही. पण तो निर्णय कोणत्या किमतीवर घेतला, हे आपण लपवले नाही, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्य विभागाच्या मागण्यांवर चर्चा झाली, तेव्हा आपली पाळी रात्री उशिरा आली. बाके बरीच रिकामी होती. पक्षाच्या संख्याबळानुसार आपल्या वाट्याला थोडीच मिनिटे होती. आपण कोणावर टीका करण्यात त्यातले एक मिनिटही घालवले नाही. तिन्ही इमारतींची नावे, पूर्ण झाल्याचे दिनांक आणि प्रत्येक गावापासून जिल्हा रुग्णालयाचे अंतर वाचून दाखवलेत आणि खाली बसलात. घरी आम्ही तिघे जागे होतो. आपल्या गावाचे नाव विधानसभेत उच्चारले गेले, तेव्हा सुनेने मांडीवर झोपलेल्या नातवाच्या अंगावरचे पांघरूण नीट केले. ती काही बोलली नाही.

त्या वर्षी १ मेच्या ग्रामसभेला आपण आलात, तेव्हा शासन निर्णय निघालेला नव्हता. दुसरे कोणी असते तर आले नसते, किंवा आले असते तर लवकरच होईल असे सांगून गेले असते. आपण उन्हात, शाळेच्या पटांगणावर उभे राहून काय मिळाले, काय मिळाले नाही आणि जे मिळाले नाही ते का, हे एकेक करून सांगितलेत. एका म्हाताऱ्या आजींनी विचारले, की मग आम्ही अजून किती दिवस थांबायचे. आपल्याला तारीख सांगता येत नसल्याचे आपण सरळ सांगितलेत. सभेत थोडी कुजबुज झाली, पण उठून कोणी गेले नाही.

मतदारसंघातील आपल्या इतर कामांबद्दल लिहायला घेतले तर पत्र संपणार नाही. सोमवारी आपल्या कार्यालयात येणाऱ्या माणसाला त्याच्या अर्जाचा आवक क्रमांक लिहून मिळतो, अवकाळीनंतर पंचनाम्यातून सुटलेल्या खातेदारांच्या याद्या आपल्या कार्यालयातल्या मुलांनी घरोघर फिरून तयार केल्या आणि शाळेच्या वेळेची एसटी पुन्हा सुरू झाली, एवढेच नमूद करतो. त्या एसटीने माझे जुने विद्यार्थी आता आपल्या मुलांना शाळेत पाठवतात.

आता रुग्णालयाविषयी थोडे. गाद्यांवरचे प्लॅस्टिक निघाले आहे. प्रयोगशाळा दुपारी दोनपर्यंत चालते. नातवाचे शेवटचे लसीकरण तिथेच झाले; सिस्टरने त्याला धरले तेव्हा तो रडला आणि बाहेर आल्यावर झाडाखाली खेळू लागला. क्ष-किरण यंत्र खोक्यातून बाहेर काढून बसवले आहे, परंतु तंत्रज्ञाचे पद अजून रिक्त असल्याने ते सुरू झालेले नाही, आणि हाड मोडलेल्या माणसाला अजूनही घाट उतरावा लागतो. त्या पदाबाबत आपला पाठपुरावा सुरू आहे, हे मला माहीत आहे. गेल्या चार महिन्यांत केवळ क्ष-किरण चाचणीसाठी किती रुग्ण जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागले, याची माहिती मी वैद्यकीय अधीक्षकांच्या परवानगीने, कोणाचेही नाव न घेता, बाह्यरुग्ण नोंदवहीवरून दिवसवार लिहून काढली आहे. पुरवणी मागण्यांच्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार जादा खर्चाला मंजुरी मागते त्या, वेळी ती आपल्या कामी येईल. वही घेऊन मी येत्या सोमवारी कार्यालयात येतो. आपण मुंबईत असाल तर ती आपल्या टेबलावर ठेवून जाईन.

माझ्या सुनेने आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक