घरातल्या सर्व्हरपर्यंत येणारी वाट खुली करा : दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय दूरसंचार मंत्री

विषय : घरगुती इंटरनेट जोडणीवर बाहेरून आत येणाऱ्या संपर्काची मुभा

महोदय,

इंटरनेटची जोडणी घेताना ग्राहक वेग विचारतो, महिन्याला किती डेटा मिळेल ते विचारतो. या जोडणीवरून बाहेरच्या माणसाला माझ्या घरातल्या संगणकापर्यंत पोहोचता येईल का, हे सहसा कोणी विचारत नाही आणि कंपनीही आपणहून सांगत नाही. उत्तर बहुधा ‘नाही’ असते, आणि ते ग्राहकाला कळते तेव्हा जोडणी घेऊन झालेली असते.

घरी वेब सर्व्हर, म्हणजे मागणाऱ्याला वेबची पाने पाठवणारा संगणक, चालवणे आज अवघड राहिलेले नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक, त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि एनजिनएक्स किंवा कॅडीसारखा सर्व्हरचा प्रोग्रॅम एवढे पुरते. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टची सेवा सर्वांसाठी खुली झाल्यापासून संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटलाही पैसे पडत नाहीत. माझ्या वडिलांनी अनेक वर्षे पावसाच्या रोजच्या नोंदी वहीत ठेवल्या. त्या मी टंकून काढल्या, तारखेप्रमाणे शोधता येतील अशा लावल्या आणि घरातल्या लहानशा सर्व्हरवर ठेवल्या. ज्याला हव्यात त्याला त्या पाहता याव्यात, इतकेच काम होते. सर्व्हर पहिल्या दिवसापासून नीट चालला. अडले ते राउटरच्या पलीकडे.

हे नेमके कुठे अडते ते सांगते, कारण धोरण ठरते ते याच ठिकाणी. घराला बाहेरून एक पत्ता असतो आणि आतल्या फोन, टीव्ही, संगणकांना सहसा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात. आतल्या एखाद्या यंत्राने बाहेर विनंती पाठवली की राउटर तिची नोंद करून ठेवतो आणि आलेले उत्तर त्या नोंदीवरून योग्य यंत्राकडे देतो; याला नॅट म्हणतात. बाहेरून अचानक कोणी आले तर त्याची नोंदच नसते, म्हणून राउटर त्याला आत घेत नाही. यावर उपाय पोर्ट फॉरवर्डिंगचा. पोर्ट म्हणजे पत्त्यावरचे क्रमांकाचे दार; सुरक्षित वेब पानांसाठी ते ४४३ असते. राउटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ भरायची : ४४३ पोर्टवर जे येईल ते १९२.१६८.१.२० कडे पाठव. सर्व्हरचा आतला पत्ता बदलू नये म्हणून तो राखून ठेवायचा, बाहेरचा पत्ता बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदललेला पत्ता सर्व्हरच्या नावाशी आपोआप जोडणारी सेवा) लावायचे. काम संपायला हवे.

ते संपत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन’पुढे, म्हणजे बाहेरच्या जोडणीपुढे, जो पत्ता दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो पत्ता जगाला दिसणारा नाही. पत्त्यांची ही पट्टी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१२ मध्ये खास अशा वापरासाठी राखून ठेवली. आयपीव्ही-४ या जुन्या पत्ता-पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवू लागल्या. यालाच सीजीनॅट, म्हणजे कंपनीच्या पातळीवरचे नॅट, म्हणतात. आता त्या सामायिक पत्त्याच्या ४४३ पोर्टवर कोणी आले तर ते नक्की कोणाच्या घरी पाठवायचे? ती नोंद कंपनीच्या यंत्रात लागते, आणि तिथे ग्राहकाला हात घालता येत नाही. घरच्या राउटरमध्ये सगळे बिनचूक भरले तरी विनंती घरापर्यंत येतच नाही.

यातला सर्वांत क्लेशदायक भाग असा की ग्राहकाला आपल्याच हातून काही चुकले असे वाटत राहते. सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर पान उघडते. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून उघडले की नुसते चक्र फिरत राहते. मग माणूस फायरवॉल (नको तो संपर्क अडवणारी व्यवस्था) तपासतो, पोर्ट बदलून पाहतो, राउटर रीसेट करतो, सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून बसवतो. कस्टमर केअरला फोन केल्यावर मला विचारण्यात आले, “तुमचे नेट चालू आहे ना? मग अडचण काय आहे?” बोलणारी मुलगी सौजन्याने बोलत होती. तिच्या समोरच्या पडद्यावर या तक्रारीसाठी जागाच नव्हती. जोडणी सीजीनॅटमागे आहे, एवढे एक वाक्य अर्ज भरताना सांगितले असते तर मी त्या कंपनीची जोडणी घेतली नसती.

पत्ते खरोखर अपुरे आहेत, हे मला मान्य आहे. कंपन्यांनी ही टंचाई निर्माण केलेली नाही. पण तिच्यावरचा तोडगा जुना आहे. आयपीव्ही-६ या नव्या पत्ता-पद्धतीचे पहिले विनिर्देश १९९० च्या दशकातलेच. त्यात पत्ता १२८ बिटांचा असतो आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, नॅटची गरजच उरत नाही. काही कंपन्या आयपीव्ही-६ देतातही. मात्र त्यांनी दिलेल्या राउटरमधली फायरवॉल बाहेरून येणारे सगळे अडवते आणि ती उघडण्याचे बटण अनेकदा ग्राहकाला दिलेलेच नसते. मुळात ती सगळे अडवणारी असावी याबद्दल माझा वाद नाही. आयईटीएफने २०११ मध्ये घरगुती राउटरसाठी केलेल्या शिफारशींत अडवणाऱ्या फायरवॉलसोबतच ती सहज खुली करण्याचा पर्यायही असलाच पाहिजे, असे म्हटले आहे. कंपन्यांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. त्यात जोडणी तुटून परत आली की घराला मिळालेला प्रीफिक्स (घरातल्या सगळ्या पत्त्यांचा सुरुवातीचा समान भाग) अनेकदा बदलतो आणि सगळे पत्ते नव्याने लावावे लागतात. प्रीफिक्स स्थिर ठेवावा, असे युरोपातल्या नेटवर्क चालकांच्या राइप समुदायाने २०१७ मध्येच लिहून ठेवले आहे.

‘मग टनेल वापरा’, म्हणजे बाहेरच्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत घरापर्यंत वाट काढा, असा सल्ला मिळतो. मी सध्या तेच करते : बाहेर एक व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला आहे आणि वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रॅमने तो घरच्या सर्व्हरशी जोडला आहे. चालते. पण ज्या जोडणीचे पैसे मी आधीच भरते, तिच्यावर माझ्याच संगणकापर्यंत येण्यासाठी तिसऱ्याला भाडे द्यावे लागते. तयार टनेल सेवा घेतली आणि एन्क्रिप्शन त्यांच्या यंत्रावर उकलले जात असेल, तर येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट त्यांना वाचता येते. आपली माहिती आपल्या घरात ठेवावी म्हणून जो सर्व्हर घरी आणतो, त्याला हे कसे पटावे?

सुरक्षेचा मुद्दा आपल्यापुढे नक्की मांडला जाईल, आणि तो खोटा नाही. २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने (हल्लेखोराच्या ताब्यातल्या उपकरणांच्या जाळ्याने) लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याआधी २००१ मध्ये वेब सर्व्हरांवर हल्ला करणारा कोड रेड हा घातक प्रोग्रॅम पसरला तेव्हा काही कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवर वेब पानांचा ८० पोर्ट बंद केला. मिराई आत शिरला तो कारखान्यातून आलेल्या, कोणीही न बदललेल्या पासवर्डमुळे. त्यावरचा इलाज उपकरणांच्या पातळीवरच करायला हवा, आणि तो करता येतो : सर्व उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड देण्यावर ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी घातली आहे. स्पॅम रोखण्यासाठी ईमेलचा २५ पोर्ट बंद ठेवतात, तेही मला पटते. पण विचार करून, स्वतःच्या जबाबदारीवर, एका यंत्रासाठी एक पोर्ट उघडू पाहणाऱ्या ग्राहकाला त्याच मापाने का मोजावे?

उलट सीजीनॅटमुळे सुरक्षेचे नुकसानच होते. एका पत्त्यामागे अनेक घरे असली की गुन्हा कोणत्या जोडणीवरून झाला हे शोधणे तपास यंत्रणांना अवघड जाते. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोलने याच कारणासाठी सीजीनॅट संपवण्याची जाहीर मागणी केली होती. नागरिकांची सोय आणि पोलिसांची गरज एकाच दिशेला आहेत, असे प्रश्न फार थोडे असतात. हा त्यांतला एक आहे.

जगातला पहिला वेब सर्व्हर १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर चालत होता. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. एका माणसाच्या रोजच्या वापरातला संगणक जगाला पाने देत होता, आणि वेबची रचना तेव्हापासून तशीच आहे : जो वाचतो तो प्रकाशितही करू शकतो. युरोपीय संघाच्या २०१५ च्या खुल्या इंटरनेटच्या नियमात हे शब्दांत आले आहे. माहिती मिळवण्याचा आणि पसरवण्याचा, सेवा वापरण्याचा आणि पुरवण्याचा, शिवाय आपल्या पसंतीचे उपकरण जोडण्याचा हक्क त्यात ग्राहकाला दिला आहे. जर्मनीने ऑगस्ट २०१६ पासून राउटर निवडण्याचे स्वातंत्र्य कायद्याने दिले आणि जोडणीसाठी लागणारी माहिती ग्राहकाला देणे कंपन्यांवर बंधनकारक केले.

आपल्याकडे माझे मागणे याहून मोठे नाही. जो ग्राहक मागेल त्याला सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्ता वाजवी दरात मिळावा. त्यासाठी त्याला व्यावसायिक प्लॅन घ्यायला भाग पाडू नये. पत्ते पुरेसे नसतील तिथे स्थिर प्रीफिक्ससह आयपीव्ही-६ मिळावे आणि त्याची फायरवॉल ग्राहकाला स्वतः उघडता यावी. कंपनीच्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड ग्राहकाच्या हाती असावा, किंवा तो राउटर ब्रिज मोडवर (जोडणी नुसती पुढे देणाऱ्या स्थितीत) टाकून स्वतःचा लावण्याची मुभा असावी. ‘घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवण्यास मनाई’ असे जे कलम काही करारांत असते, ते काढून टाकायला सांगावे. वापर जास्त होण्याची भीती असेल तर अपलोडची मर्यादा स्पष्ट लिहावी, ती पाळायला कोणाचीच हरकत असणार नाही.

यातल्या काही गोष्टींना वेळ लागेल हे मी समजू शकते. आयपीव्ही-६ सगळीकडे पोहोचायला यंत्रे बदलावी लागतील. पण जोडणीच्या अर्जावर एक रकाना आजही वाढवता येईल : पत्ता सार्वजनिक की सामायिक, बाहेरून येणारे पोर्ट खुले की बंद. हा रकाना भरण्यासाठी लागणारी माहिती प्रत्येक कंपनीकडे प्रत्येक जोडणीबाबत आधीच आहे. तो सक्तीचा करण्याचा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपली,
घरी सर्व्हर चालवणारी एक नागरिक