दुपारी बारा ते चार

शहापूर, बेळगाव
दि. 6 मे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोन ठेवल्यावर तुझी आई बराच वेळ काही बोलली नाही. मग भांडी आवरता आवरता, दुधाचा हिशेब सांगावा तितक्या सहजपणे तिने सांगितले, की मंगळवारी तू बँकेच्या कामासाठी स्कूटरवरून गावात गेली होतीस आणि चक्कर येऊन तेथेच एका ओट्यावर बसलीस. "बाबांना सांगू नकोस," असे तू तिला बजावले होतेस, हेही तिनेच सांगितले. तुम्हा मायलेकींच्या या कारभारावर मी रागावलेलो नाही. पत्र लिहायला बसतानाच मी ठरवले आहे, की उन्हाविषयी उपदेश करायचा नाही. बसच्या पार्सलने जे सामान पाठवतो आहे ते कशासाठी आहे, एवढेच लिहायचे. फक्त एक विचारतो. तुझ्या कलबुर्गी भागातल्या सरकारी कचेऱ्या एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ ते दीड चालतात. मग बँकेच्या माणसाने कर्जाच्या पाहणीसाठी दुपारी एक वाजता रानात का जावे? हे काम सकाळी दहाच्या आत होणारच नाही का? असो. विषय पार्सलाचा आहे.

डब्यात आमसुले आहेत, आईने उकडलेल्या कैरीचा गर गूळ घालून आटवलेला आहे, वाळ्याची एक जुडी आहे आणि जुन्या पाकिटात पत्त्यांचा जोड आहे. खानापूरचा माठ पाठवायचे फार मनात होते, परंतु पार्सलवाल्याने मडके पाहताच हात जोडले. तिकडचाच एखादा कुंभाराकडून घे. माठ तुमच्याकडे आपल्यापेक्षा चांगले काम करील. सच्छिद्र मातीतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी गार. आपल्याकडे जून उजाडला की माठ नुसता ओलसर बसून राहतो, हे तू पाहिलेच आहेस. कूलरचे तत्त्वही तेच. तू म्हणालीस की कूलर लावूनही खोलीत गुदमरते. तू खिडकी बंद ठेवत असणार. ओली झालेली हवा बाहेर जायला वाट हवी, म्हणून समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेव. एकतीस वर्षे नववीच्या वर्गाला हेच शिकवले, त्यामुळे सूर शिकवणीचा लागला असेल तर क्षमा कर.

डब्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तो पेन ड्राइव्ह आहे. कपाटावरच्या खोक्यातल्या कॅसेटी शेजारच्या मुलाने संगणकावर उतरवून दिल्या. त्यातल्या बऱ्याचशा मी रेडिओवरून भरलेल्या आहेत. धारवाड केंद्र लागले नाही तर सांगली, आणि सांगलीत खरखर झाली तर पुन्हा धारवाड, असा तो उद्योग असे. सारंगाचे प्रकार पहिल्यांदा ठेवले आहेत, कारण ते मध्यान्हीचे राग. वृंदावनी सारंग लक्ष देऊन ऐक. त्यात गंधार आणि धैवत हे दोन स्वर वर्ज्य असतात. चढताना निषाद शुद्ध, उतरताना कोमल. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाने दोन गाठोडी घरीच ठेवावीत, तसा हा मोकळ्या हाताने चालणारा राग मला वाटतो. दुपार कलली की मुलतानी आणि भीमपलासी. पुस्तकात ग्रीष्माचा राग म्हणून दीपक सांगतात, परंतु उन्हाळ्यात आणखी आग कोणाला हवी आहे?

त्या वृंदावनीत, विलंबित संपून द्रुत नुकतीच सुरू होते तेथे, तुझ्या आईचा आवाज आला आहे. "पाणी आलं!" मग घागर फरशीवर आपटल्याचा आवाज, मग धावत गेलेली चार पावले. ती पावले तुझी आहेत, तू तेव्हा तिसरीत होतीस. पाचव्या दिवशी नळ आलेला, त्यामुळे मीही टेप तसाच चालू ठेवून बादली घेऊन पळालो, आणि पुढची अकरा मिनिटे गाण्याबरोबर आपल्या घरचे पाणी भरणे ध्वनिमुद्रित झाले आहे. शेजारचा मुलगा ते कापून टाकतो म्हणाला; मी कापू दिले नाही.

कुमार गंधर्वांचेही बरेच आहे. आपल्या सुळेभावीला 1924 साली जन्मलेला हा माणूस क्षयाने खंगला आणि 1948 मध्ये कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला जाऊन राहिला. काही वर्षे गाण्याची बंदी होती. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आजूबाजूच्या बायकांची, वाटसरूंची लोकगीते ऐकली, आणि पुढे त्या धुनांतून नवे राग बांधले. तुझी बदली कलबुर्गीला झाली तेव्हा तुझी आई रडली, आणि मी तिला हीच गोष्ट सांगितली. हिरव्या मुलखातून कोरड्या मुलखात गेलेल्या माणसाचे नेहमी वाईटच होते असे नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घे, की ते पडून ऐकत होते. भर दुपारी स्कूटर घेऊन हिंडत नव्हते.

पाहा, पुन्हा तेथेच आलो.

सिनेमाचे लिहितो. आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हा वर पत्रा होता, आणि एप्रिलच्या दुपारी त्या पत्र्याखाली भात झाकून ठेवला तर तिसऱ्या प्रहरी आंबून जाई. बेळगाव उंचावर आहे, साडेसातशे मीटरच्या वर, म्हणून लोक त्याला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात. त्या लोकांनी ती खोली पाहिली नव्हती. रविवारी तुझी आई आणि मी बाराच्या खेळाला जाऊन बसत असू. कधी चित्रा, कधी प्रकाश, आणि कॅम्पात ग्लोबला इंग्रजी चित्रपट लागला तर तेथेही. कथा कळो न कळो, पंख्याखाली अंधारात तीन तास निघत. दादा कोंडके लागले की थेटर मराठी होई, राजकुमार लागले की कन्नड होई, आणि प्रेक्षक बहुतेक तेच असत. माझ्या लहानपणी खानापूरच्या बाजूला जत्रेत तंबूचा सिनेमा येई. अंधार पडल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नसल्यामुळे खेळ रात्रीचाच, जमिनीवर बसायचे, आणि प्रोजेक्टर एकच असल्याने रीळ बदलेपर्यंत दिवा लागे. आक्का त्या वेळात आम्हाला द्रोणातली करवंदे वाटत असे. जांबोटीकडच्या बायका ती डोक्यावरच्या पाटीतून आणत, आणि चीक ओठांना चिकटून राही. तुझ्याकडे आता वातानुकूलित थेटरे आहेत. सुटीच्या दिवशी बाराच्या खेळाला जा, भाषा कोणती का असेना. तुझे कन्नड माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगले आहे. एकटी मात्र जाऊ नकोस. हे वाक्य मी लिहून खोडणार होतो, कारण तू सत्तावीस वर्षांची अधिकारी आहेस आणि आपल्या घरात अधिकारी झालेली पहिलीच. गणपत गल्लीतल्या वाचनालयात तुझ्या नेमणुकीची बातमी मी इतक्या जणांना सांगितली, की आता मी दारात दिसलो तरी दोघे जण वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. मुलगी शेतकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलते आणि ते तिला अक्का म्हणतात, हेही सांगून झाले आहे. तेव्हा ते वाक्य आहे तसे राहू दे, आणि तू ते वाचले नाहीस असे समज.

पत्त्यांचे सांगायचे राहिले. तुम्ही खोलीवर तिघी आहात, म्हणजे पाच-तीन-दोन बरोबर जमेल. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची सगळी पाने आणि इस्पिक व बदामाची सत्ती, अशी तीस. त्या दोघींना येत नसेल तर शिकव. इस्पिकची राणी पुठ्ठ्याची आहे, ती का, ते तुला आणि दाद्याला पक्के ठाऊक आहे. आपल्या मळ्यातल्या विहिरीवर पाठीला डबा बांधून पोहून आल्यावर जेवण, आणि जेवणानंतर माजघरात ओल्या सतरंजीवर हाच जोड. मोठ्यांनी झोपायचे, मुलांनी आवाज न करता भांडायचे. बारा ते चार या वेळात आण्णा कोणालाही उंबरा ओलांडू देत नसत. बैलांनासुद्धा त्या वेळी सावलीतून सोडत नसत. आणि तेच आण्णा त्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, कोणी न सांगता, डोक्याला काही न बांधता, मोटारीचे काय झाले ते पाहायला म्हणून

हे लिहिणार नव्हतो. तुला सर्व माहीत आहे. तू तेव्हा ओसरीवर होतीस.

म्हणून एकदाच लिहितो आणि हा विषय बंद करतो. घाम खूप येऊन डोके हलके झाले तर सावलीत बसून साखर-मीठ-पाणी घ्यावे. एक लिटरला चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. परंतु अंग तापून बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर ती साधी चक्कर नव्हे. अंगावर पाणी ओतून तडक दवाखाना गाठायचा असतो. आम्ही त्या दिवशी कांदा हुंगवत बसलो होतो. तुझ्या खोलीवरच्या दोघींनाही हे सांगून ठेव. त्यांना बाबांचा स्वभाव असाच आहे असे सांगितलेस तरी चालेल.

कलबुर्गीच्या किल्ल्यातल्या त्या जामा मशिदीचे छायाचित्र पाठवलेस ते फार आवडले. 1367 सालची वास्तू, आणि इतर मशिदींसारखे मधले अंगण उघडे न ठेवता सगळीच्या सगळी छताखाली घेतलेली. उन्हामुळेच तसे केले असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, तरी आत उभे राहिल्यावर गार वाटते असे तू लिहिलेस, तेव्हा बांधणाऱ्याविषयी मला आपलेपणा वाटला. सकाळी लवकर जात जा.

येथे आज वळीव येणार असे दिसते. वडगावच्या बाजूने आभाळ काळे झाले आहे, वारा सुटला आहे, आणि आई गच्चीवरून कुरडया गोळा करण्यासाठी हाका मारते आहे. मागच्या आठवड्यात गारा पडल्या, त्यातली एक वाटीत घालून तिने फ्रीजमध्ये ठेवली आहे, तुला दाखवायला म्हणून. तिला काय सांगणार?

दाद्याचा फोन आला तर त्याला हे पत्र वाचून दाखवू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. पेन ड्राइव्हवरची गाणी एकूण तीन तास पंचावन्न मिनिटांची आहेत. मी मोजून भरली आहेत. बाराला लाव.